विचारून काढलेला फोटो

गुलशन महलात बायकांच्या दारावर मी पंधरा वर्षं बसते आहे. काम एकच. येणाऱ्या प्रत्येक बाईकडून मोबाईल काढून घ्यायचा, मागच्या लाकडी खणात ठेवायचा आणि तिच्या हातावर पितळेचं टोकन ठेवायचं. खण एकशे वीस आहेत. टोकनं एकशे अठरा, कारण दोन कुणीतरी दुबईला घेऊन गेलं. लग्नात बायकांच्या बाजूला मोबाईल न्यायचा नाही म्हणजे नाही. काझीसाहेबांच्या बेगमचाही मी काढून घेतलाय. माझ्या सख्ख्या भाचीनं तो शेवयांच्या बिर्याणीच्या डब्यात दडवून आणला होता, तिचाही काढून घेतलाय, आणि बिर्याणी तिला परत दिली आहे.

भटकळात मला रुक्का खाला म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

सफूरा पहिल्यांदा दारात आली ती चार वर्षांपूर्वी. बुरख्याच्या आत काहीतरी फुगलेलं होतं. मी म्हटलं, "काढ."

तिनं काढलं. हा एवढा कॅमेरा.

"मोबाईलला बंदी आहे, आणि तू तोफ घेऊन आलीस?"

"नवरीनं बोलावलंय, खाला."

"नवरीचं काय जातंय, ती आजच्या दिवसाची राणी. उद्या बोलणी मला बसतील."

"मोबाईलमधला फोटो बाहेर फिरतो म्हणून बंदी आहे ना? हा फिरणार नाही. फक्त नवरीला मिळेल."

"मोबाईलवाल्याही हेच सांगतात. ठेव इथं."

खणात तो मावेना. मी टेबलाखाली ठेवला आणि तिला टोकन दिलं, नंबर सतरा. ती भांडली नाही. आत गेली आणि तीन तास हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून नवरीकडे बघत उभी राहिली. बिर्याणीला बस म्हटलं तरी बसली नाही. जाताना टोकन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "तेवीस फोटो हुकले, खाला. मोजत होते मी."

मला राग आला. आपलं काम चोख केल्यावर कुणी असं काही बोलून गेलं की जो राग येतो तो. रात्रभर मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते.

सफूरा कोण, ते सांगते. आमच्या गल्लीपासून तिसऱ्या गल्लीतली. नवरा इस्माईल दम्मामला कापडाच्या दुकानात. एक मुलगी, शाळेत जाणारी. सफूरा नवरी मुलींना मेहंदी लावायची, आणि तिच्यासारखी बारीक नक्षी अख्ख्या गावात कुणाची नव्हती. मेहंदी रंगली की ती त्या हातांचा फोटो काढायची. असे फोटो काढता काढता तिला हातांपेक्षा फोटोचंच वेड लागलं. इस्माईलनं एका सुट्टीत हौसेनं कॅमेरा आणला होता, जहाजांचे फोटो काढायला. जहाजं बघून त्याचा उत्साह आठवड्यात ओसरला आणि कॅमेरा कपाटात पडला. तिनं तो बाहेर काढला. दोन वर्षं मोबाईलवर फुकटातले धडे बघून शिकत राहिली, मुलीचे, मांजराचे, मोगऱ्याच्या गजऱ्यांचे फोटो काढत राहिली. मग नवऱ्या तिला घरी बोलवायला लागल्या. हॉलवर निघायच्या आधी, दागिने घातले, फुलं माळली की सफूरा दहा मिनिटांत फोटो काढायची. पण खरं लग्न हॉलमध्ये. आया रडतात तिथं, मैत्रिणी गातात तिथं. तिथल्या दारावर मी.

पडद्याला मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगते. पडद्याची चौकीदार मीच आहे. ज्या बायका बाहेर चेहरा झाकतात त्या माझ्या दारातून आत आल्या की बुरखा उतरवतात, मोकळ्या हसतात, मोकळ्या नाचतात, कारण बाहेर मी बसलेय हे त्यांना माहीत असतं. त्याचा मला अभिमान आहे.

पण माझ्या स्वतःच्या लग्नाचा एकही फोटो नाही. नवरा चार वर्षांतच गेला. नवरी म्हणून मी कशी दिसत होते हे सांगू शकणारी शेवटची बाई म्हणजे माझी मावशी, तीही वारली. सफूरा ते तेवीस फोटो बोलून गेली तेव्हा मला मावशी आठवली, आणि म्हणूनच राग इतका टिकला असावा.

पुढच्या लग्नाला ती परत आली. त्याच्या पुढच्यालाही. दर वेळी कॅमेरा टेबलाखाली, दर वेळी टोकन सतरा. मग नवऱ्याच हट्टाला पेटल्या. शेवटी गोष्ट जाफरभाईंपर्यंत गेली.

जाफरभाई गुलशन महलाचे व्यवस्थापक. भला माणूस, पण प्रत्येक गोष्टीला कागद मागणारा. बायकांच्या बाजूला ते येत नाहीत. आमचं बोलणं दोन्ही बाजूंमधल्या बंद दाराच्या फटीतून चालतं, ते पलीकडे, मी अलीकडे. त्या दिवशी माझ्या शेजारी सफूराही उभी होती.

"कुणीही उठेल आणि कॅमेरा घेऊन येईल," ते पलीकडून म्हणाले. "रीतसर शिकलेली बाई आहे का ही? सर्टिफिकेट आहे? असेल तर हॉलची कमिटी विचार करील."

त्यांना वाटलं विषय मिटला. गावात फोटोग्राफीचं कॉलेज नाही आणि मुलगी टाकून सफूरा मंगळूरला जाऊन राहणार नाही. पण सफूरा फटीला तोंड लावून म्हणाली, "आणते."

"कुठून आणणार?"

"घरात बसून शिकवतात हल्ली, जाफरभाई. तुमचा नातू नाही का गणित शिकत मोबाईलवर?"

मग सुरू झाला कोर्सचा बाजार. मोबाईलवर एकदा फोटोग्राफी म्हणून शोधलं की महिनाभर तो मोबाईल दुसरं काही बोलत नाही. तीस दिवसांत प्रोफेशनल व्हा. घरबसल्या नाव कमवा. आणि सल्ले तर गल्लीगल्लीतून. तिची जाऊ म्हणाली, महागातला घे, महाग आहे म्हणजे चांगलाच असणार. दुबईच्या चुलतबहिणीनं सांगितलं, जिथं हजारो लोक आहेत तिथं जा. मीही गप्प बसले नाही. म्हटलं, "शिक्का मोठा बघ. जाफरभाईंना चष्मा आहे."

आणि तिनं माझंच ऐकलं. बेंगळूरच्या एका सरांचा बारा आठवड्यांचा कोर्स घेतला. त्याच्या सर्टिफिकेटच्या नमुन्यावर तळहाताएवढा सोनेरी शिक्का होता. काय शिकवतात हे आम्ही दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. मासळी घेताना डोळे बघतो, कल्ले उघडून बघतो, आणि इथं नुसती टोपली बघून पैसे दिले.

सर गोरेगोमटे, बोलायला गोड. नवरीला मावळतीच्या वेळी समुद्रावर न्या म्हणाले, सोनेरी उजेड मिळतो. आमच्याकडे नवरी मावळतीला एकटी समुद्रावर गेली तर तिला शोधायला माणसं सुटतील. आमची नवरी बसते गुलशन महलात, हिरव्या पडद्यांच्या मधोमध, वर ट्यूबलाइट. तिथं फोटो काढला तर पोरीच्या तोंडावर आजारी माणसासारखी हिरवट झाक येते. सफूरानं सरांना दोनदा लिहून विचारलं, त्यावर काय करू? उत्तर आलं, छान प्रश्न आहे, शिकत राहा.

पण खरी अडचण गृहपाठाची होती. दर आठवड्याला काढलेला फोटो वर्गाच्या भिंतीवर टाकायचा. भिंत म्हणजे मोबाईलमधलीच एक जागा, सगळे शिकणारे तिथं एकमेकांचे फोटो बघतात. मांजर, गजरे, होड्या टाकून सफूरानं पाच आठवडे काढले. सहाव्या आठवड्याला सर म्हणाले, आता माणूस हवा. माणसाशिवाय गुण नाहीत.

तेव्हा नुकतंच आमच्या गावातल्या तय्यिबाचं लग्न झालं होतं. सफूरानं घरी तिचे फोटो काढले होते. त्यातला एक तिनं निवडला आणि त्याचा हनुवटीच्या वरचा भाग कापला. चेहरा नाही, डोळे नाहीत, ओठसुद्धा नाहीत. नुसता गळा, मोगरा आणि हार. मला दाखवला. मी स्वतः डोळ्यांसमोर धरून बघितला आणि म्हटलं, "यात काय आहे? टाक."

दोघीही भटकळात जन्मलेल्या, आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही.

तो हार तय्यिबाच्या पणजीचा. तीन पदरी, आणि मधल्या पदरात एका बिल्ल्याच्या जागी बसऱ्याचं जुनं नाणं जडवलेलं. पणजोबा जहाजावर होते, बिल्ला कधीतरी हरवला आणि त्यांनी हाताशी होतं ते बसवून घेतलं. असं नाणं गावात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात नाही. आमच्याकडे चेहरा झाकलेला असतो म्हणून लोक बाईला दागिन्यांवरून ओळखतात. लग्नात घोळक्यातून हात दिसला तरी बांगड्यांवरून कुणाची सून ते शेंबडं पोरही सांगेल. आम्ही चेहरा कापला आणि नाव तसंच ठेवलं.

सफूराची तीच दुबईची चुलतबहीण त्या वर्गात होती. तिनं फोटो बघितला, तिला आनंद झाला, आणि तिनं तो तय्यिबाच्या सासरी पाठवून दिला. खाली लिहिलं, मुबारक, हार काय शोभतोय! दुपारच्या नमाजापर्यंत तो अर्ध्या गावात आणि सगळ्या आखातात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सफूरा तय्यिबाच्या माहेरी निघाली. मी सोबत गेले. टाक म्हणणारी मीच होते, घरात लपून बसायला मला लाज वाटली.

तय्यिबाच्या आईनं दारातच सुरुवात केली. "विश्वासानं घरात घेतलं! पोरीचा गळा जगाला दाखवलास! तिची सासू काय म्हणेल ते तू ऐकून घेणार आहेस?"

सफूरा उंबऱ्याबाहेर उभी होती. म्हणाली, "चुकलं. कारण सांगत बसत नाही. फोटो काल संध्याकाळीच काढून टाकला. ज्यांच्याकडे गेला त्यांना एकेकीला फोन करून पुसायला सांगितलाय. अजून बोला, मी ऐकते."

असं म्हटल्यावर बोलणाऱ्याची पंचाईत होते. आई दम घ्यायला थांबली, तेवढ्यात तय्यिबा आतून आली. लग्नाची मेहंदी अजून हातावर होती, सफूरानंच लावलेली.

"चेहरा नव्हता ते मी बघितलं," ती म्हणाली. "फोटो चांगलाही होता. सासूबाईंनाही आवडला, खरं सांगायचं तर. मला राग त्याचा नाही."

"मग?"

"तू विचारलं नाहीस. काय कापायचं, काय ठेवायचं, तुझं तू ठरवलंस. कदाचित मी हो म्हटलं असतं. गळा माझा होता ना, सफूरा?"

सफूरा सगळ्यांचं बोलणं उभी राहून ऐकत होती, पण या वाक्याला ती खाली बसली. तिथंच, पायरीवर. मला वाटलं रडेल. रडली नाही. जमिनीकडे बघून म्हणाली, "हो. गळा तुझा होता."

घरी येऊन तिनं बेंगळूरच्या सरांना लिहिलं, यापुढे मी माणसांचे फोटो भिंतीवर टाकणार नाही, तुम्हाला एकट्याला दाखवीन. उत्तर तासाभरात आलं, या वेळी अगदी झटपट. नियम सगळ्यांना सारखे. आणि खाली एक ओळ फुकटची, ज्याला आपलं काम जगाला दाखवायची भीती वाटते त्यानं या धंद्यात पडू नये.

भीती! ज्या बाईनं त्याच सकाळी तय्यिबाच्या आईसमोर उभं राहून दाखवलं तिला हा भीती शिकवणार. सफूरानं मला उत्तर वाचून दाखवलं आणि मग पाठवलं. "सर, काम माझं आहे, चेहरे माझे नाहीत. तुमचा शिक्का तुमच्याकडे ठेवा." सहा आठवड्यांचे पैसे बुडाले. बुडू देत.

जाफरभाईंनी अर्थातच संधी साधली. दाराच्या फटीतून आवाज आला, "रुक्काबाई, फोटोचा विषय आता बंद."

सफूरा तिथं होतीच. "जाफरभाई, तुम्ही सर्टिफिकेट म्हणाला होतात."

"ते आधी. आता हे प्रकरण झालं."

"चूक माझी झाली, ती मी निस्तरली. तुमचा शब्द मात्र तुमचाच आहे. फिरवताय का? फिरवत असाल तर मोठ्यानं सांगा, आत शंभर बायका बसल्यात, ऐकतील."

मग ते म्हणाले, "आणा. पण नुसता कागद चालणार नाही. शिकवणाऱ्यानं लिहून द्यायला हवं की या बाईनं कुणाचा फोटो परवानगीशिवाय उघडा केला नाही. असा कोर्स शोधा, मग बोलू."

त्यांना वाटलं असा कोर्स जगात नसेल. मलाही तसंच वाटलं होतं.

मंगळवारी सकाळी सफूरा माझ्या पडवीत येऊन बसली. मेहंदीच्या कोनांच्या रिकाम्या खोक्यावर तिनं नऊ कोर्सचे फोन नंबर लिहून आणले होते आणि खाली तीन प्रश्न. माझे फोटो मला इतरांना दाखवावे लागतील का? फोटो चुकला तर कुठं चुकला हे कुणी माणूस बघून सांगेल का? हिरव्या पडद्यांच्या हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, नवरीचा चेहरा हिरवा येऊ नये म्हणून काय करायचं? या वेळी शिक्क्याचं नावही तिनं काढलं नाही. मी चहा ठेवला.

पहिल्या फोनवरची मुलगी तीनही प्रश्नांवर एकच सांगत होती की आज पैसे भरले तर निम्म्यात. दुसऱ्यानं सांगितलं, फोटो तपासायचं काम मशीन करतं, माणूस नाही. तिसरी म्हणाली, भिंतीवर टाकल्याशिवाय पुढचा धडाच उघडत नाही. चौथ्याला हिरव्या पडद्यांचं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. पडदे बदला."

मी फोन हिसकावून घेतला. "अरे बाबा, ते पडदे जाफरभाईंच्या वडिलांनी लावलेत. ते बदलेपर्यंत नवरीच्या नातवंडांची लग्नं होतील. तू कधी लग्नात फोटो काढलायस का रे, स्वतःच्या हातानं?"

फोन कट झाला. सफूरा पोट धरून हसत होती. तय्यिबाच्या पायरीवर बसल्यापासून पहिल्यांदा.

पुढचे तिघंही तसलेच. आठवा नंबर धारवाडचा. त्या जाहिरातीत एकही चित्र नव्हतं, नुसत्या दोन ओळी. वर्तमानपत्रात एकतीस वर्षं फोटो काढले, आता रविवारी आठ जणांना शिकवते, नागरत्ना. फोन उचलला तेव्हा मागे कुकरची शिट्टी चालू होती.

सफूरानं तिसरा प्रश्न आधी विचारला. बाईंनी उत्तर दिलंच नाही, उलट विचारायला लागल्या. नवरी बसते कुठं? पडद्यापासून किती पावलं? खिडकी आहे? झाकलेली? छत पांढरं की रंगवलेलं? सोबत कुणी असतं का हाताखाली?

सफूरानं माझ्याकडे बघितलं. "आहे एक."

"मग एक पांढरी चादर घ्या, जुनी, शंभरदा धुतलेली. ती त्या माणसाला नवरी आणि पडदा यांच्यामध्ये धरायला सांगा. हिरवा थांबेल. उरलेलं मी रविवारी सांगते."

"आणि फोटो दाखवायचे?"

"मला पाठवूच नका. छापा, आणि आपण दोघीच व्हिडिओवर बोलताना मोबाईलसमोर धरा. मी बघेन, चूक सांगेन, तुम्ही परत पाकिटात ठेवा. दंगलीच्या बातम्यांचे फोटो काढलेत मी, बाई. कुणाचा चेहरा कधी छापायचा नाही हे मला कुणी शिकवायला नको."

"सर्टिफिकेट मिळतं?"

"साधा कागद. माझी सही. शिक्का नाही."

सफूरानं फोन ठेवला आणि नववा नंबर खोडून टाकला.

सहा महिने दर रविवारी ती शिकली. हॉल रिकामा असला की तिच्या मुलीला नवरीच्या जागी बसवायचो आणि चादर मी धरायची. हात भरून यायचे, पण नागरत्नाबाई पलीकडून ओरडायच्या, "त्या बाईंना सांगा, डावा कोपरा खाली आलाय!" पंधरा वर्षं दारावर बसून मला कुणी ओरडलं नव्हतं. सफूराचं काम फार बदललं. आधी ती नवरीला नीट बसवून, हनुवटी वर करून फोटो काढायची. आता नवरी आईकडे बघत असतानाचा काढते. आणि प्रत्येक फोटोला आधी विचारते. कधी तोंडानं, कधी नुसत्या भुवयांनी, पण विचारते. एखादीनं मान हलवली की कॅमेरा खाली. एकदा एका फार सुंदर म्हातारीनं नको म्हटलं. सफूरा घरी जाईपर्यंत हळहळली, पण काढला नाही.

शेवटच्या रविवारी नागरत्नाबाई म्हणाल्या, "एक पोर्ट्रेट लागेल. ते मात्र मी माझ्या वर्गात लावते, दर वर्षी सगळ्यांना दाखवते. तेव्हा असा माणूस निवडा जो सगळं ऐकून हो म्हणेल."

सफूरानं पाच जणींना विचारलं. कुठं लागणार, कोण बघणार, सगळं सांगून. पाचहीजणी नाही म्हणाल्या. तिनं एकीलाही दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी बघत होते आणि मला भीती वाटत होती, कारण सहावी कोण हे मला कळलं होतं.

ती माझ्या दारात आली, हॉल रिकामा असताना, सकाळी दहाच्या सुमाराला. कोर्सचं सगळं सांगितलं, जसं त्या पाच जणींना सांगितलं तसंच, एक शब्द न गाळता. मग म्हणाली, "तुमचा काढू का, खाला? आणि काढला तर पाठवू का? दोन्ही वेगळे प्रश्न आहेत. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटलंत तरी चालेल."

अठ्ठावन्न वर्षांची आहे मी. लग्न ठरवताना मला विचारलं नव्हतं. नवरा गेल्यावर कुणाकडे राहायचं तेही नव्हतं विचारलं. या दारावर बसवलं तेव्हा जाफरभाईंच्या वडिलांनी नुसतं सांगितलं होतं, उद्यापासून या. मी म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, दोन्हीला हो.

"मग बसा जाग्यावर," ती म्हणाली. मी पदर नीट केला, हसायचा प्रयत्न केला. ती कॅमेऱ्याआडून म्हणाली, "हसू नका, खाला. मोबाईल मागा."

मी हात पुढे केला.

तोच फोटो. मागे एकशे वीस खण, पुढे माझा उघडा तळहात आणि त्याच्यामागे माझा चेहरा, कपाळावर आठ्या, डोळे समोरच्यावर रोखलेले. मी तो छापलेला बघितला तेव्हा मला माझी आई दिसली, मावशी दिसली, आणि मीही दिसले. देखणी आहे मी. खरंच सांगते, आणि हे मला अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सर्टिफिकेट टपालानं आलं. साधा कागद, निळ्या शाईत सही, खाली एक ओळ, हिनं काढण्याआधी विचारलं आणि दाखवण्याआधीही विचारलं. मी तो कागद फटीतून पलीकडे सरकवला. जाफरभाईंनी चष्मा पुसल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "शिक्का नाही यावर."

"सही आहे," सफूरा म्हणाली. "आणि अजून एक ऐका. लग्न संपलं की माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड मी या दारात रुक्का खालांकडे देणार. खणात राहील. नवरीनं टोकन दाखवून स्वतः घेऊन जायचं. मी रिकामा कॅमेरा घेऊन घरी जाणार. पुढचं काम नवरीच्या घरी, तिच्या शेजारी बसून. आता कमिटीला आणखी काय पाहिजे?"

कमिटीला हो म्हणावं लागलं. पहिलं बोलावणं तय्यिबाच्या नणंदेचं आलं. टोकन तिनं सतराच मागून घेतलं.

आता लोक लांबून येतात. परवा मंगळूरहून एक नवऱ्यामुलाकडची बाई आली, म्हणाली, तुमच्या कामाचे नमुने दाखवा. सफूरा म्हणाली, "या गावात चाळीस कपाटांत आहेत. चाव्या माझ्याकडे नाहीत. ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारा, दाखवायचे की नाही ते त्या ठरवतील." बाई चिडून गेली. आठ दिवसांनी परत आली, कारण तीन कपाटं तिच्यासाठी उघडली होती.

आणि माझा फोटो तिनं मोठा करून, चौकटीत घालून मला दिला. मी तो घरी नेला नाही. खणांच्या वर, भिंतीवर खिळा ठोकून लावला. अख्ख्या गुलशन महलात बाईच्या चेहऱ्याचा तेवढा एकच फोटो आहे.

दोन दिवसांत फटीतून आवाज आला. "रुक्काबाई, तो फोटो काढा भिंतीवरून. मधलं दार उघडलं की पुरुषांच्या बाजूनंही दिसतो. लोक बोलतात."

"कुणाचा आहे तो, जाफरभाई?"

"तुमचाच की."

"मग मला विचारा."

मी वाट बघत बसले, घाई नव्हती. दोन बायका आल्या, त्यांचे मोबाईल घेतले, टोकनं दिली. मग घसा खाकरल्याचा आवाज आला आणि जाफरभाई हळू आवाजात म्हणाले, "फोटो... राहू द्यायचा का, रुक्काबाई?"

"राहू द्यायचा," मी म्हटलं.

दारात एक नवी पोरगी उभी होती, भरजरी कपड्यांत, मोबाईल पाठीमागे लपवून. तिनं आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत भिंतीकडे. मी हात पुढे केला.